गॅरेज कशाचं बांधायचं? उत्तर जमिनीखालून सुरू होतं

घराशेजारी गॅरेज बांधायचं ठरलं की पहिली चर्चा भिंतींची होते. वीट घ्यायची की ब्लॉक? पाठोपाठ छत येतं: पत्रा की स्लॅब? मग दार, त्याची मोटर, त्याचा रंग. जमिनीचं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "कोबा टाकून घेऊ." गॅरेज पुढची तीस वर्षं कसं टिकणार हे बरंचसं त्या तीन शब्दांत ठरतं, आणि नेमकं तिथेच कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

आम्हीही विचारला नव्हता. आमच्या आधीच्या गॅरेजची फरशी वरून आरशासारखी गुळगुळीत होती. दुसऱ्याच वर्षी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत नागमोडी तडा गेला आणि दाराजवळची कड, जिथून चाक रोज आत चढतं, ती खचली. तोडायला घेतली तेव्हा कारण समोर आलं. काँक्रीटची जाडी कुठे चार इंच, तर कुठे जेमतेम अडीच. सळईची जाळी काँक्रीटच्या पोटात नव्हतीच; ती तळाशी मातीला चिकटून, अर्धी गंजून पडली होती. भिंती मात्र ठणठणीत होत्या. विटा निवडण्यात आम्ही तीन आठवडे घालवले होते.

आता हा विषय आणखी गंभीर झाला आहे. गाड्या जड होत चालल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या गाडीत नुसत्या बॅटरीचंच वजन काहीशे किलो असतं, आणि ती गाडी रात्रभर गॅरेजमध्ये चार्ज होत उभी असते. म्हणजे गॅरेज ही नुसती आडोशाची जागा उरलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: भिंत पाडून पुन्हा बांधता येते, पत्रा उतरवता येतो, दार बदलता येतं. फरशीखाली काय घातलं ते बदलता येत नाही. म्हणून लक्ष आणि पैसा, दोन्ही खालून वर जायला हवेत.

## फरशीवर खरोखर किती भार येतो?

दीड टनाची गाडी धरू. चार चाकांवर वाटणी केली तर एका चाकावर पावणेचारशे किलो. चाक जमिनीला टेकतं तो भाग साधारण तळहाताएवढा, दीडशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन-अडीच किलो. काँक्रीटच्या दृष्टीने हे काहीच नाही. बऱ्यापैकी काँक्रीट दर चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोचा दाब सहज सोसतं.

मग फरशी फुटते कशी? काँक्रीट दाबाला दणकट असतं, पण ताणाला दुबळं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश असते. हे समजायला खडू पुरतो. खडू टेबलावर आडवा ठेवून बोटाने दाबा, काही होत नाही. तोच दोन पुस्तकांमधल्या फटीवर आडवा ठेवून मध्ये दाबा, मोडतो. बोट तेच, जोरही तोच. फरक एवढाच की खालचा आधार गेला, खडू वाकला आणि त्याची खालची बाजू ताणली गेली.

गॅरेजची फरशी म्हणजे तो खडू. खालची माती सगळीकडे सारखी घट्ट असेल तर तिला वाकावंच लागत नाही. कुठे पोकळी राहिली, भराव बसला, तर फरशी त्या पोकळीवर पुलासारखी लोंबकळते आणि चाकाखाली मोडते.

म्हणून सगळ्यात स्वस्त मजबुती काँक्रीटमध्ये नसते, भरावात असते. वरची मुळांची, कुजकट माती पूर्ण काढायची. मुरूम किंवा खडी-मुरूम थरांनी टाकायचा, एक थर साधारण १५ सेंटीमीटरचा, त्यावर थोडं पाणी आणि मग धुमस (ठोकून भराव घट्ट बसवण्याचं अवजार) किंवा रोलर. दीड फूट भराव एकदम ओतून वरून धुमस केली तर वरचे काही इंच बसतात, खाली सगळं पोकळ राहतं. चिकण, फुगणारी माती असेल तर जास्त जपावं लागतं. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि फरशीला दर ऋतूत वर-खाली करत राहते. अशा जागी ती माती पुरेशी खोलवर काढून टाकणं आणि पाया तिच्याखालच्या पक्क्या थरापर्यंत नेणं, हे माहीतगार अभियंत्याला विचारूनच ठरवावं.

जाडीचं गणितही ऐकण्यासारखं आहे. साध्या गाडीला १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच, ही नेहमीची जाडी. जड गाडी असेल किंवा पुढे येणार असेल तर १२५ ते १५०. वाकून मोडण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाराच्या जागी पाच इंच केलं की काँक्रीट पंचवीस टक्के जास्त लागतं, पण ताकद पन्नास टक्क्यांहून जास्त वाढते. घरबांधणीत इतका चांगला सौदा दुसरीकडे क्वचितच मिळतो. अट एकच, पाच इंच म्हणजे सगळीकडे पाच इंच. ओतण्याआधी दोन बाजूंना दोरी ताणून टेपने आठ-दहा ठिकाणी खोली मोजा. आमच्याकडे कुणी मोजली नव्हती.

आणि जॅक विसरू नका. चाक बदलताना गाडीचा एक कोपरा उचलला की तो भार जॅकच्या छोट्याशा बुडावर, किंवा घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड) लावली तर तिच्या चार टोकांवर येतो. चाकाखालच्या दाबाच्या कितीतरी पट तो असतो. खाली जाड फळी ठेवली की निभतं.

## "थोडं पातळ करू, पटकन पसरेल"

ओतकामाच्या दिवशीचा हा क्षण मला डोळ्यांसमोर दिसतो. ऊन चढलेलं असतं, माल घट्ट वाटतो, फावड्याने ओढताना माणसं थकलेली असतात. कुणीतरी बादली उचलतो आणि मिक्सरमध्ये पाणी ओततो. माल लगेच सळसळत पसरतो, सगळ्यांना हायसं वाटतं. त्या बादलीने काय नेलं ते दिसायला वर्ष जातं.

सिमेंट वाळून कडक होत नाही. ते पाण्याशी रासायनिक संयोग करून कडक होतं. त्या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. त्यावरचं पाणी फक्त माल हाताळता यावा म्हणून घालतात. हे जादाचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवतं. पाणी आणि सिमेंटचं गुणोत्तर जितकं जास्त तितकी ताकद कमी, हा नियम अमेरिकी संशोधक डफ अब्राम्स यांनी १९१८ साली मांडला आणि तो आजही काँक्रीटच्या अभ्यासाचा पाया आहे.

व्यवहारात सांगायचं तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आतच पाणी, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी, कारण वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. २५ च्या जागी ३२-३३ लिटर गेलं तर ताकद जवळपास ३० टक्के घटते. माल खरंच घट्ट वाटत असेल तर उपाय पाण्याचा नाही. माल मऊ करणारं मिश्रण मिळतं ते घालावं, आणि व्हायब्रेटर, म्हणजे थरथरवून माल घट्ट बसवणारं यंत्र, लावावा.

ओतल्यावर मात्र उलट. आता पाणी कमी पडू द्यायचं नाही. कडेने आळं बांधून पाणी साठवा, नाहीतर ओलं गोणपाट पसरा. निदान सात दिवस. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडून मधल्या वेळात फरशी पांढरी पडू दिली तर वरचा थर अर्धा कच्चा राहतो, आणि पुढे झाडताना रोज सिमेंटची धूळ निघत राहते. सात दिवसांत ताकद दोन तृतीयांशाच्या आसपास येते. ठरलेली ताकद मोजतात ती २८ दिवसांची. गाडी आणायला तेवढं थांबावं.

## जाळी घातली, मग तडा का गेला?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्यामागे एक गैरसमज आहे. काँक्रीट वाळताना आक्रसतं. सहा मीटर लांबीची फरशी दोन ते चार मिलिमीटर आखूड होऊ पाहते. खालून जमीन तिला धरून ठेवते. या ओढाताणीत ताण येतो आणि ताणाला काँक्रीट दुबळं, म्हणून तडा. तळं आटलं की तळाचा चिखल भेगाळतो, तसंच हे.

जाळी हा तडा थांबवत नाही. तडा गेल्यावर दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवते, भेग केसाएवढीच राहते. पण त्यासाठी जाळी काँक्रीटच्या वरच्या अर्ध्या भागात हवी, तळाशी नको. जाळी जमिनीवर पसरायची आणि ओतताना आकडीने वर ओढू म्हणायचं, हा प्रकार चालत नाही. ओढलेली जाळी पुढच्या पावलाखाली पुन्हा खाली जाते. आधीच काँक्रीटच्या ठोकळ्यांवर किंवा सळईच्या खुर्च्यांवर ती उचलून ठेवायची.

तडा कुठे जावा हे मात्र आपण ठरवू शकतो. कागद सरळ फाडायचा तर आपण आधी घडी घालतो. फरशीतही तसंच करायचं: ठरावीक अंतरावर, जाडीच्या एक चतुर्थांश खोल, कटरने सरळ छेद घ्यायचा. काँक्रीट आक्रसलं की ते त्या रेघेखाली तडकतं आणि वरून रेघ सरळच दिसते. अंतर जाडीच्या २४ ते ३० पटींत ठेवतात. चार इंचाला अडीच-तीन मीटर. तुकडे शक्यतो चौरसाच्या जवळचे करा. छेद लवकर, बहुधा पहिल्या दिवसातच घ्यावा लागतो. दोन दिवसांनी कटर आणला तर फरशीने आपली रेघ आधीच काढलेली असते.

फरशी आणि भिंत यांच्यामध्येही फट हवी, अर्धा इंच फोमची पट्टी पुरते. फरशी भिंतीला चिकटवली की दोघींपैकी एक दुसरीला ओढते.

## पाणी चार वाटांनी येतं

पावसाचं पाणी दाराखालून येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी वाट गाडीबरोबर येते. भिजलेली गाडी आत आली की निथळते. तिसरी वाट जमिनीतून वर, आणि चौथी हवेतून; तिच्याकडे छताच्या वेळी येऊ. शेवटच्या दोन दिसत नाहीत, म्हणून राहून जातात.

पहिल्या दोन्हींवर उपाय उतार. मागच्या भिंतीपासून दाराकडे १०० ला १, म्हणजे सहा मीटरला सहा सेंटीमीटर. डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. दाराबाहेर आडवी नाली आणि तिच्यावर गाडीचं वजन पेलणारी लोखंडी जाळी. गॅरेजची फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा सहा इंच तरी वर असावी. मात्र त्यासाठी केलेला रॅम्प उभा नको. चढ जिथे संपतो तिथे गाडीचं पोट घासतं, म्हणून वरचं टोक हळूहळू सपाट करत न्यावं.

जमिनीतून येणारी ओल थांबवायला भरावावर जाड प्लॅस्टिकचा कागद, निदान २५० मायक्रॉनचा, जोडांवर फूटभर एकमेकांवर चढवून आणि चिकटपट्टी लावून. काँक्रीट टणक असलं तरी बारीक छिद्रांचं असतं, वात जशी तेल वर ओढते तसं ते जमिनीतलं पाणी वर ओढतं. या कागदाचा खर्च संपूर्ण कामात किरकोळ असतो, आणि नंतर तो घालता येत नाही.

फरशीवर इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या राळेचा, थर द्यायचा मनात असेल तर याचा थेट संबंध आहे. वरून चिवट थर आणि खालून ओल असेल तर फुगे येऊन थर सुटतो. साधी चाचणी आहे: दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं असेल तर थर देऊ नका. साधा रंग तर गॅरेजमध्ये वापरूच नये. लांबून आलेल्या गाडीचं गरम टायर रंगावर टेकतं, थंड होताना त्याला धरतं, आणि सकाळी गाडी निघाली की चाकाच्या आकाराचा रंग टायरबरोबर निघून येतो.

टाइल्स? लावता येतात, पण टाइलखाली एखादी जागाही पोकळ राहिली तर जॅकखाली पहिल्या खेपेला फुटते. मला विचाराल तर नीट घोटलेलं काँक्रीट आणि वर धूळ न होऊ देणारं हार्डनर, एवढंच पुरे.

## भिंती: जो वाद सगळ्यात मोठा, तो सगळ्यात सोपा

एकमजली गॅरेजच्या भिंतीवर वजन फारसं नसतं. म्हणून वीट, काँक्रीटचा पोकळ ब्लॉक, हलका ब्लॉक, लाकडी किंवा लोखंडी सांगाडा, यातलं काहीही चालतं. जवळ काय चांगलं मिळतं आणि गवंड्याचा हात कशावर बसला आहे, हे पाहून ठरवावं.

हलक्या ब्लॉकबद्दल मात्र दोन गोष्टी. हा ब्लॉक, ज्याला एएसी म्हणतात, स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात तयार झाला. सिमेंट-चुन्याच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून त्यात वायूचे बुडबुडे निर्माण करतात आणि मग वाफेच्या दाबाखाली तो पक्का करतात. वजन मातीच्या विटेच्या साधारण एक तृतीयांश, आणि उष्णताही बरीच अडवतो. पण तो पाणी पितो आणि साधा खिळा धरत नाही. म्हणून खालचे एक-दोन थर, जिथे पाणी उडतं, ते विटेचे किंवा काँक्रीटचे घ्यावेत. जड मांडणी, सायकलचे हूक, हत्यारांचा फळा भिंतीवर यायचा असेल तर तिथे आधीच काँक्रीटची पट्टी घालून ठेवावी, नाहीतर आरपार बोल्ट.

लोखंडी खांबाचं बूड फरशीच्या पातळीत कधी ठेवू नका. गाडी धुतलेलं पाणी तिथे साचतं आणि खांब नेमका जमिनीलगत गंजून कापला जातो. खांब चार-सहा इंच उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा. लाकडालाही हाच नियम, त्यात वाळवीची भर.

## छत: पत्र्यातून पाऊस नसताना पाणी का टपकतं?

नव्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये पहाटे बॉनेटवर थेंब दिसले की माणूस पत्र्यावर चढून छिद्र शोधतो. छिद्र नसतंच. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतल्या हवेतली वाफ त्याच्या खालच्या बाजूला दव होऊन बसते आणि टपकते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात, तेच हे. आत भिजलेली गाडी उभी असेल तर वाफेला तोटा नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, म्हणजे आतल्या हवेला थंड पत्रा भेटत नाही. आणि हवा खेळती ठेवणं: एका भिंतीला खाली, समोरच्या भिंतीला वर झरोके, बारीक जाळी लावून. बंद दमट गॅरेजमध्ये गाडी उघड्यापेक्षा लवकर गंजू शकते, हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण ओल तिथे तासन्‌तास गाडीला बिलगून असते.

मग इथे रास्त शंका येते: भिंती हव्यातच कशाला, चार खांबांवर छप्पर का नको? गाडीला ऊन-पावसापासून आडोसा, एवढीच गरज असेल तर उघडी शेड हे उत्तम उत्तर आहे, आणि वाईट बांधलेल्या बंद गॅरेजपेक्षा नक्कीच सरस. चोरी, धूळ, सामानाची जागा, ही कारणं असतील तरच भिंती बांधा.

पत्रा घेताना त्याच्या लेपाची चौकशी करा. नुसत्या जस्ताच्या लेपापेक्षा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असलेला लेप साधारणपणे जास्त टिकतो. उतार पाच-सहा अंश तरी ठेवा, सहा मीटरला साठ सेंटीमीटरच्या आसपास. स्क्रूखालचा रबरी वॉशर आवळून आवळून चेपला की तोच पुढे गळतो. वॉशर टेकला की थांबायचं. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे मात्र फुकट मिळाले तरी नकोत. त्याच्या सर्व प्रकारांमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, आणि कापताना किंवा भोक पाडताना उडणारी धूळच सगळ्यात घातक.

छताचं पाणी कुठे पडतं हेही पाहा. २५ चौरस मीटरच्या छतावर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेबाराशे लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं पायालगत पडून, आपण इतक्या कष्टाने धुमस केलेला भराव भिजवतं.

## दार हा वाऱ्याचा दरवाजाही असतो

२४ ऑगस्ट १९९२ रोजी फ्लोरिडात आलेल्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर पडलेल्या घरांची पाहणी झाली, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आधी गॅरेजचं दार आत घुसलं, मग छप्पर उडालं. वारा छपरावरून जाताना त्याला वर खेचतच असतो. दार फुटलं की तोच वारा आतून वर ढकलू लागतो. छत्रीत खालून वारा शिरला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट.

म्हणून रुंद दार निवडताना पत्रा किती जाड यापेक्षा मागे आडव्या पट्ट्या किती आणि बाजूचे चॅनल भिंतीत कसे धरले आहेत, हे विचारा. दोन गाड्यांसाठी एका रुंद दाराऐवजी मध्ये खांब घेऊन दोन दारं केली तर दार आणि तुळई दोन्ही सोपी होतात. एका गाडीला दाराची मोकळी रुंदी २.४ मीटर चालते, २.७ सुखाची. आत मात्र ३.६ मीटर रुंदी ठेवा, गाडीचं दार पूर्ण उघडून म्हाताऱ्या माणसाला उतरता आलं पाहिजे.

वर सरकणाऱ्या दाराची पिळाची स्प्रिंग दाराचं सगळं वजन तोलते. ती घरी कधीही सैल करू नका. सुटली तर हात मोडते. आणि मोटर लावणार असाल तर खाली काही आलं की दार उलट फिरेल, अशीच घ्या. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती दारांना ही सोय सक्तीची आहे. लहान मुलं दाराखाली सापडल्यामुळे तो नियम आला.

## वर एखादी खोली काढली तर?

इथे मला जरा जोर देऊन सांगावंसं वाटतं. गॅरेजवर खोली बांधणं म्हणजे पत्र्याच्या जागी स्लॅब एवढंच नसतं. गॅरेजच्या समोरच्या बाजूला भिंतच नसते, नुसतं भोक असतं. वर मात्र भरीव भिंतींची जड खोली. भूकंपात जमीन आडवी हलते, वरचा जड भाग मागे राहू पाहतो, आणि सगळा पीळ खालच्या उघड्या मजल्यावर येतो. तीन बाजूंनी पुठ्ठा आणि एक बाजू उघडी असं खोकं वरून धरून हलवून पाहा, ते उघड्या बाजूला कसं कलतं ते दिसेल.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपात खाली गाड्यांची जागा असलेली एक निवासी इमारत तळमजल्यावर बसली आणि १६ जण गेले. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादमधल्या अनेक इमारती कोसळल्या. त्यांत खाली पार्किंगसाठी मोकळा मजला असलेल्या कितीतरी होत्या. वर खोली हवी असेल तर खांब, तुळया आणि त्यांचे सांधे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. "पुढे कधीतरी वाढवू" म्हणून आज नुसत्या सळया वर काढून ठेवणं पुरेसं नाही; पाया आणि खांब आजच त्या भाराचे हवेत.

## धूर, वाफ आणि वीज

गॅरेज घराला चिकटून असेल तर मधली भिंत आणि मधलं दार ही दोन माणसांच्या जिवाची राखण आहेत. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट पकडतं. मोठं दार उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं तरी तो घरात शिरतो. मधलं दार आपोआप बंद होणारं, भरीव आणि फटी बुजवलेलं असावं, आणि आतल्या बाजूला घरात कार्बन मोनॉक्साइडचा सूचक लावावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणून गॅरेजची फरशी घराच्या फरशीपेक्षा निदान चार इंच खाली ठेवतात, आणि ठिणगी पडू शकेल अशी उपकरणं व सॉकेट जमिनीपासून ४५ सेंटीमीटर तरी वर बसवतात.

चार्जरचं वेगळंच. ३२ अँपिअरचा चार्जर सुमारे ७.४ किलोवॉट वीज सलग कित्येक तास ओढतो. मिक्सर काही मिनिटं चालतो, गीझरही पाणी तापलं की थांबतो. हा भार तसा नाही. तार थोडी बारीक असेल, जोड थोडा सैल असेल, तर तो रात्रभर तापत राहतो. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड तार, भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी, आणि गळती झाली की वीज तोडणारं आरसीडी, हे तिन्ही पाहिजेत. आरसीडीचा प्रकार चार्जर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावा. आज विजेची गाडी नसली तरी फरशीखालून आणि भिंतीतून एक रिकामा रुंद पाइप आत्ताच टाकून ठेवा, दोरी ओवून. नंतर तीच तार नेण्यासाठी नवी फरशी कापावी लागते.

दुसऱ्या वेळी आम्ही ओतकामाच्या आदल्या संध्याकाळी सगळं एकदा फिरून पाहिलं. प्लॅस्टिक कुठे फाटलं होतं तिथे पट्टी लावली, जाळीखालचे दोन सरकलेले ठोकळे परत जागेवर बसवले, पाइपांची तोंडं कापडाने बंद केली. मग भिंतीला टेप लावून प्रत्येक पाइपचं आणि सळईचं अंतर दिसेल असे फोटो काढून ठेवले. चार वर्षांनी मागच्या कोपऱ्यात फरशीला बोल्ट मारायचे होते, तेव्हा तेच फोटो उघडून ड्रिल कुठे चालवायचं ते ठरवलं.